नायडॉर्फ की कारो-कान?

बुद्धिबळात समोरच्याने ई४ खेळलं, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं ढकललं, की काळ्याने काय करायचं? उत्तरं बरीच आहेत; सिसिलियन बचावाचा नायडॉर्फ हा फाटा आणि कारो-कान बचाव ही त्यातली दोन. वयोगटाच्या स्पर्धा खेळणाऱ्याने यातलं एक निवडायचं ठरवलं असेल, तर माझा अनुभव सांगतो. मी दोन वर्षं नायडॉर्फ खेळलो, मग कारो-कानकडे वळलो.

नायडॉर्फच्या ताकदीबद्दल वाद नाही. फिशर आणि कास्पारोव्ह हे जगज्जेते वर्षानुवर्षं तिच्यावर विसंबले. काळ्याने जिंकायला बसायचं असेल, तर पाचव्या चालीतलं ते ए६ म्हणजे उघड आव्हानच.

पण ती पाचवी चाल येऊ तर द्यायला हवी! पांढऱ्याच्या उंट जी५ नंतरच्या विषारी प्याद्याच्या (जे मारलं तर वजीर अडचणीत येतो) भानगडी मी वीस-वीस चालींपर्यंत घोकल्या होत्या. पटावर मात्र समोरचा दुसऱ्याच चालीत सी३ ढकलून वेगळ्याच वाटेला न्यायचा, नाहीतर तिसऱ्या चालीत उंट बी५ वरून शह. कुणी प्यादं बळी देणारा मोरा गॅम्बिट टाकायचा. एका स्पर्धेत मला चार सिसिलियन मिळाल्या, नायडॉर्फ एकही नाही. त्यातल्या एका डावात सहाव्या चालीलाच माझी वीस मिनिटं गेली होती. समोरचा पोरगा भराभर खेळत होता, कारण त्याला येत होतं ते तेवढंच. त्या दिवशी मी वही मिटली.

कारो-कानलाही पांढऱ्याने काढलेले फाटे आहेत: अॅडव्हान्स, टू नाइट्स, फँटसी. पण सी६ आणि डी५ या तुमच्या दोन चाली बहुतेक वेळा होतातच, आणि पुढची प्याद्यांची रचना ओळखीची असते. चाल विसरली तरी बेत आठवतो. फ्रेंच बचावासारखा सी८ चा उंटही सहसा कोंडला जात नाही. बोटविनिकने १९५८ च्या जगज्जेतेपदाच्या परतीच्या लढतीत स्मिस्लोव्हविरुद्ध हीच काढली होती.

खोट आहेच. शेवटच्या फेरीत पूर्ण गुण हवा असताना समोरच्याने एक्स्चेंज केलं, म्हणजे मधली प्यादी मारामारीत काढली, की डाव कोरडा पडतो. आणि तुमच्या घोडा डी७ नंतर पांढऱ्याचा वजीर ई२ वर आला, तर दुसरा घोडा सवयीने एफ६ वर नेऊ नका. पांढऱ्याचा ई४ वरचा घोडा डी६ वर आणि मात. ई७ चं प्यादं पांढऱ्या वजिरासमोर बांधलेलं असतं (हललं तर राजाला शह), म्हणून त्याने घोडा मारता येत नाही. हे मी एकदा खाल्लंय.

पाठांतराची हौस आणि रोज तासभर हाताशी असेल, तर नायडॉर्फ जरूर घ्या. कदाचित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त वेळा मिळेल. शाळा सांभाळून खेळणाऱ्याला मी तरी कारो-कानच सुचवेन. नायडॉर्फची वही अजून आहे. तीन मिनिटांच्या ऑनलाइन डावांत काढतो. तिथेही सी३ येतंच.