मानेवरच्या सुरकुत्यांवर सात महिने घेतलेले उपचार : एक अभिप्राय

मी २६ वर्षे शाळेत क्रीडाशिक्षिका होते. मैदानावर डोक्यावर टोपी असे, त्यामुळे चेहरा बराचसा वाचला. मान मात्र उन्हातच राहिली, कारण सनस्क्रीनही मी हनुवटीपर्यंतच लावत आले. पन्नाशी उलटली, पाळी थांबली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मानेवरच्या आडव्या रेषा ठळक झाल्या, त्यांच्या मधली कातडी चुरगळलेल्या तलम कागदासारखी दिसू लागली. ‘खास मानेसाठी’ म्हणून मिळणाऱ्या दोन महागड्या क्रीमांच्या बाटल्या संपवून काही फरक पडला नाही, तेव्हा मी नाशिकमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

या दवाखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तिथली तपासणी. मानेची कातडी काळसर, जाड आणि मखमलीसारखी झाली आहे का, हे डॉक्टरबाईंनी आधी पाहिले. तसे असते तर क्रीमाआधी रक्तातील साखर तपासावी लागली असती, कारण ते शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचे लक्षण असू शकते. मग त्यांनी मला दात आवळून मान ताणायला लावली आणि आरशात दाखवले की गळ्यावरचे उभे पट्टे प्लॅटिस्मा नावाच्या स्नायूचे आहेत, आडव्या रेषा मान वाकण्याच्या जागी पडलेल्या घड्या आहेत (त्या कित्येकांना तरुणपणापासूनच असतात) आणि बारीक चुण्या हे प्रामुख्याने उन्हाचे काम आहे. या तिन्हींना एकच औषध लागू पडत नाही, हे मला इतक्या वर्षांत कोणत्याही दुकानात कुणी सांगितले नव्हते.

मानेची त्वचा चेहऱ्यापेक्षा पातळ असते आणि तिच्यात तैलग्रंथी कमी असतात, म्हणून ती लवकर कोरडी पडते आणि औषधाने लवकर चिडते. उन्हातील अतिनील किरणे तिच्यातील कोलॅजन आणि इलॅस्टिन या, त्वचेला घट्ट आणि लवचिक ठेवणाऱ्या प्रथिनांचे तंतू मोडतात; त्यात रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते. माझ्या बाबतीत ही दोन्ही कारणे एकत्र आली होती.

उपचार साधे होते. सकाळी एसपीएफ ५० चे सनस्क्रीन, कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूलाही. रात्री मॉइश्चरायझर लावून त्यावर ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले, त्वचेवर लावायचे औषध), सुरुवातीला आठवड्यातून फक्त दोनदा. तिसऱ्या आठवड्यात मी उतावीळपणे ते रोज लावू लागले. मान लाल झाली, सोलवटली आणि दहा दिवस औषध बंद ठेवावे लागले. आपल्या सावळ्या त्वचेवर अशा जळजळीचे काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात, तेव्हा ही चूक कुणी करू नये. गरोदरपणात तर हे औषध वापरायचेच नसते.

चौथ्या महिन्यापासून मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडण्याच्या, तीन बैठका महिन्याच्या अंतराने झाल्या. प्रत्येक बैठकीचे ३,५०० रुपये पडले. बधिर करणारे मलम लावल्यामुळे वेदना सोसण्यासारख्या होत्या आणि लाली दोन दिवसांत उतरली.

आज बारीक चुण्या स्पष्टपणे कमी आहेत आणि मानेचा पोत सुधारला आहे. दोन खोल आडव्या रेषा फिक्या झाल्या, पण गेल्या नाहीत. त्या पूर्ण जाणार नाहीत हे डॉक्टरबाईंनी पैसे घेण्याआधीच सांगितले होते आणि त्या स्पष्टपणाची मला फार कदर वाटते. उभ्या पट्ट्यांसाठी स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची (बोटॉक्ससारखी) इंजेक्शने असतात, पण त्यांचा परिणाम काही महिनेच टिकतो आणि ती पुन्हा घ्यावी लागतात. मी नको म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही.

दोन उणिवा सांगायला हव्यात. वेळ ठरवूनही दर खेपेला तासभर थांबावे लागले. शिवाय पहिली छायाचित्रे खिडकीच्या उजेडात आणि नंतरची दिव्याखाली काढल्यामुळे नेमका किती फरक पडला हे ताडून पाहता येत नाही; इतका खर्च करणाऱ्या रुग्णाला तेवढा पुरावा मिळायला हवा. ज्यांचा मुख्य त्रास बारीक चुण्यांचा आहे आणि ज्यांची सहा महिने धीर धरण्याची तयारी आहे, त्यांना मी हे उपचार जरूर सुचवीन. कातडी लोंबू लागली असेल, तर शस्त्रक्रियेविषयी आधीच विचारून घ्यावे. ट्रेटिनॉइन मी अजून आठवड्यातून तीनदा लावते.