खाडीच्या इन्फ्रारेड फोटोंसाठी फिल्टर घ्यावा की कॅमेऱ्यातली काच बदलून घ्यावी?

भरावाखाली जाणारी खारफुटी इन्फ्रारेडमध्ये टिपायची म्हणून पुतणीने विचारलं, "काका, ७२० नॅनोमीटरचा फिल्टर घेऊ की जुन्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची काच बदलून घेऊ?"

इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश; हा फिल्टर लेन्सवर लावला की दिसणारा प्रकाश अडतो आणि जवळपास इन्फ्रारेडच आत जातो. खर्चात फिल्टर स्वस्त, आणि कॅमेराही आहे तसाच राहतो. काच बदलली की तो कॅमेरा नेहमीच्या रंगीत फोटोंना निकामी.

खरा फरक वेळेचा. साध्या कॅमेऱ्यातली काच इन्फ्रारेड अडवते, म्हणून फिल्टर लावून भर उन्हातही कित्येक सेकंदांचं एक्स्पोजर द्यावं लागतं. ट्रायपॉड हवाच. ठाण्याच्या खाडीत मी हे केलंय: वाऱ्याने तिवराचा शेंडा पुसला गेला, चिखलात चरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तर नुसते धुरकट डाग झाले. काच बदललेल्या कॅमेऱ्याने तोच फोटो हातात धरून निघतो. जिवंत पानं पांढरीशुभ्र, पाणी काळं, आणि राडारोड्याची कड लख्ख दिसते. ती कडच तर दाखवायचीय ना! मात्र भरावावर उगवलेलं रानही तितकंच पांढरं येतं, म्हणून सोबत साधा रंगीत फोटो काढायचाच. मध्यभागी उजळ डाग देणाऱ्या लेन्स दोन्हीकडे त्रास देतात.

एकदा करून पाहायचं असेल, वारा पडलेला असेल, तर फिल्टर. दर हंगामात त्याच जागी जाऊन पक्ष्यांसकट नोंद ठेवायची असेल, तर जुन्या कॅमेऱ्याची काच बदलून घे.