आईच्या पायाची नखं : नेलकटर की निपर?

माझी आई ८६ वर्षांची आहे. पाहुणे आले की पलंगाच्या कडेला बसते आणि साडीचा काठ पुढे ओढून पायाची बोटं झाकून घेते. जन्मभर नीटनेटकी राहिलेली बाई, आजही वेणी घातल्याशिवाय खोलीबाहेर येत नाही. अंगठ्याचं पिवळट, जाड झालेलं नख कुणाला दिसलेलं तिला चालत नाही. तिला वाकता येईनासं झालं तेव्हा, चार वर्षांपूर्वी, तिची नखं कापायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं वर्ष नेलकटरनं काढलं, मध्ये दोनदा तिला पार्लरमध्ये नेलं आणि गेली तीन वर्षं निपर वापरतो आहे. घरात असं वडीलधारं माणूस असेल, किंवा स्वतःचीच साठी उलटली असेल आणि पायाची नखं कटरला दाद देत नसतील, तर हा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

निपर म्हणजे पायाच्या नखांसाठी मिळणारी छोटी पक्कड. सर्जिकल सामानाच्या दुकानात मागितली की लगेच काढून देतात.

आधी नखाबद्दल थोडं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. वय वाढेल तसा हा वेग आणखी मंदावतो. वाढ मंद आणि वर्षानुवर्षांचा चपला-बुटांचा दाब, यामुळे नख थरावर थर चढल्यासारखं जाड होत जातं. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. म्हणजे कापताना केलेली एक चूक तितके महिने डोळ्यांसमोर राहते. हे कळल्यापासून मी घाई करणं सोडलं.

नेलकटरची बाजू आधी मांडतो, कारण तो वाईट नाही. हाताच्या नखांना मी आजही तोच वापरतो, आईच्या आणि माझ्याही. नख पातळ असेल, नजर शाबूत असेल, तर त्याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. पायासाठी रुंद तोंडाचा मोठा नेलकटर मिळतो, तोही मी आणला होता. करंगळीपासून चौथ्या बोटापर्यंत त्यानं ठीक काम केलं.

अडलं ते अंगठ्यापाशी. नुसतं नख जाड आहे म्हणून नव्हे. नेलकटरनं कापताना आपण काय कापतोय ते दिसतच नाही. वरचं पातं, त्यावरचा दांडा आणि दांड्यावरचा आपला अंगठा, हे सगळं डोळा आणि नखाच्या मध्ये येतं. खालचं पातं तर नखाखाली आंधळेपणानं शिरतं. तरुण माणसाचं नख मांसापासून सुटं वाढलेलं असतं, त्याला फरक पडत नाही. म्हाताऱ्या पायाच्या नखाखाली कातडी चिकटून पुढे आलेली असते. जाड नख जबड्यात मावावं म्हणून कटर जरा पुढे रेटावा लागतो, आणि नख कुठं संपलं, जिव्हाळी कुठं सुरू झाली, ते बोटांनाही कळत नाही.

एका रविवारी तेच झालं. डाव्या अंगठ्याचा बाहेरचा कोपरा. मी दांडा दाबला आणि आईनं पाय मागे खेचला. ओरडली नाही, नुसता खेचला. खालच्या पात्यानं नखाबरोबर कातडीचा बारीक तुकडा उचलला होता. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते, त्यामुळे एवढ्याशा जखमेवर वीस मिनिटं कापूस दाबून बसावं लागलं. पुढचे दोन महिने तिनं मला पायाला हात लावू दिला नाही. "राहू दे रे, कोण बघतंय," म्हणायची आणि काठ पुढे ओढायची. त्या दोन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट त्यानंतर लक्षात आली. अंगठ्याचं नख कौलासारखं गोलाकार असतं. नेलकटरचा जबडा त्याची पूर्ण रुंदी एकदम धरून दाबतो, ते सपाट करू बघतो. वयानं कोरडं झालेलं नख या दाबानं उभं चिरतं. आईच्या नखाला अशी चीर पडली होती, ती पुढे सरकत सरकत टोकाशी येईपर्यंत वर्ष गेलं. रोज साडीच्या निऱ्यांचा धागा तिच्यात अडकायचा.

मधल्या काळात पार्लरचे दोन प्रयोग झाले. दिसायला पाय सुरेख झाले, हे मान्य केलं पाहिजे. आई त्या दिवशी खुशीत होती. पण दुसऱ्या खेपेला नखाच्या मुळाची नाजूक कातडी कापून काढली गेली आणि आठवड्यात तिथं नखुरडं झालं. ती कातडी म्हणजे नखाचं झाकण, बाहेरची घाण आत जाऊ न देणारं. सगळीकडे असंच होत असेल असं मी म्हणणार नाही. पण म्हातारं माणूस न्यायचं असेल तर अवजारं कशी निर्जंतुक करतात ते विचारा, आणि कातडीला हात लावू नका असं आधीच सांगा.

आता निपर. मी सर्जिकलच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना घेतला. त्याचं टोक निमुळतं असतं आणि हात बाजूनं येतो, त्यामुळे टोक नखावर कुठं टेकलंय ते स्वच्छ दिसतं. माझ्यापुरता निर्णय इथंच झाला. एका घासात दोन-तीन मिलिमीटर घ्यायचं, थांबायचं, बघायचं, पुढचा घास. एका अंगठ्याला सात-आठ घास लागतात. नखावर सपाट दाब येत नाही, त्यामुळे तीन वर्षांत चीर पडलेली नाही. शिवाय जोर पूर्ण तळहाताचा लागतो, चिमटीचा नाही. माझ्या बायकोचा अंगठ्याच्या मुळाचा सांधा दुखतो, तिला नेलकटर दाबवत नाही, पण निपर ती सहज चालवते.

त्याचे त्रासही आहेत. टोक अणकुचीदार असतं. हात थरथरत असेल तर निपर हातात घेऊच नये. कोपऱ्यात खोल शिरून नख कोरून काढायचा मोह होतो. तो टाळायचा, नाहीतर वाढताना नख मांसात रुततं. कापायचं ते सरळ रेषेत, टोकाशी पांढरी कोर राखून. ओला ठेवला की स्प्रिंग गंजते, म्हणून पुसून, स्पिरिटचा बोळा फिरवून, कोरड्या डब्यात ठेवावा लागतो. आणि स्वतःच्या पायापर्यंत हातच पोचत नसेल तर नेलकटर काय, निपर काय, सारखेच. दुकानात घेताना निपर मिटून उजेडासमोर धरा. दोन पात्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर तो घेऊ नका, तो नख कापत नाही, चावतो.

आमच्याकडे मंगळवारी, शनिवारी आणि दिवेलागणीनंतर नखं कापायची नाहीत, हा आईचा नियम. मी तो मोडत नाही. रविवारी सकाळी तिची आंघोळ झाली की गॅलरीत ऊन असतं, नखंही पाण्यानं मऊ झालेली असतात. मी पाटावर बसतो, तिचा पाय मांडीवर टॉवेलवर घेतो. आधी पायातली जोडवी काढून वाटीत ठेवायची, त्यांच्या खालची ओल पुसायची. कापून झालं की फायलरनं कड एकाच दिशेनं घासायची आणि जाड नखावरून, पृष्ठभागावरून, हलके चार-पाच हात फिरवायचे. शेवटी खोबरेल तेलाचं बोट नखाच्या मुळाशी. तेल बोटांच्या बेचक्यात नको, तिथं ओलावा राहिला की बुरशी धरते. फारच टणक नख असेल तर ४० टक्के युरियाचं क्रीम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

जिथं दोन्ही अवजारं बाजूला ठेवावीत अशाही जागा आहेत. मधुमेहानं पायाची संवेदना गेलेली असेल तर घरी कापूच नका. कापलेलं त्या माणसाला कळत नाही आणि जखम चिघळते. नख भुसभुशीत होऊन सुटं पडत असेल तर बुरशीची तपासणी करून घ्या, अंदाजानं गोळ्या नकोत. नखात नवी काळी उभी रेघ दिसली तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी करण्याआधी ते सांगा. बायोटिनमुळे तिचे आकडे चुकू शकतात.

तुमच्या घरातल्या माणसाची नखं अजून पातळ असतील तर नेलकटर पुरेसा आहे, उगाच नवी वस्तू आणायला नको. पण अंगठ्यापाशी कटर अडत असेल, किंवा कापताना आपण अंदाजानं दाबतोय असं एकदा जरी वाटलं असेल, तर मी निपरच घेईन. पहिल्या दिवशी करंगळीपासून सुरुवात करा, अंगठा शेवटी, आणि हात बसला नाही असं वाटलं तर अंगठा पुढच्या रविवारवर ढकला. आईनं पहिल्या तीन खेपांना पाय आखडूनच धरला होता. आता पाट मांडल्याचा आवाज आला की स्वतः जोडवी काढून वाटीत टाकते.