ईआर, साइड लॉक की हायड्रॉलिक? पहिल्या व्हीएमसीचे होल्डर ठरवताना

व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, घेताना आपण चार ठिकाणी डेमो बघतो, हप्त्याचा हिशोब दहा वेळा करतो. टूल पकडून स्पिंडलमध्ये बसणाऱ्या होल्डरची वेळ आली की मात्र ‘बीटी४०, ईआर३२, बारा नग’ एवढ्यावर काम उरकतं. मीही तेच केलं होतं. त्यातले चार-पाच अजून रॅकवर जवळपास कोरे पडलेत आणि जे खरंच लागत होते ते नंतर एकेक करून आणावे लागले.

खालचं सगळं बीटी४० (टेपरचं माप) स्पिंडल, ८००० आरपीएम आणि आज माइल्ड स्टील, उद्या ॲल्युमिनियम, परवा कास्टिंग अशा जॉबवर्कच्या शॉपला धरून आहे. एचएसके (वेगळ्या जातीचा टेपर) स्पिंडल आणि २०,००० आरपीएमवाल्यांचं गणित वेगळं.

ईआर३२ म्हणजे कोलेटचा होल्डर: नट आवळला की चिरा असलेली नळी, म्हणजे कोलेट, टूलभोवती दबते. त्याची खरी ताकद म्हणजे एकाच होल्डरमध्ये २ पासून २० मिमीपर्यंत काहीही बसतं: ड्रिल, एन्डमिल, रीमर, चौकोनी खाचेचं कोलेट घेतलं तर टॅपसुद्धा. सत्तरच्या दशकात स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सने हे कोलेट आणलं आणि आज जगभर तेच चालतं, ते या सोयीमुळे. पण कोलेट फक्त १ मिमी दबतं, म्हणजे १२ चं कोलेट १२ ते ११ साठी. ११ चं टूल १२ च्या कोलेटमध्ये पकडता येतं, पण पकड कमी आणि रनआउट (टूल मधोमध न फिरता डगमगणं) जास्त. माप तेवढंच कोलेट घ्या. कोलेट आधी नटमध्ये तिरकं घालून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवायचं, मग नट होल्डरवर. उलट क्रमाने केलं तर टूल काढताना कोलेट आतच अडकतं, आणि नवा ऑपरेटर हे हमखास उलट करतो.

ईआर कुठे मार खातो ते मला ईएन२४ (कणखर मिश्र पोलाद) च्या एका प्लेटने शिकवलं. १६ चा एन्डमिल, पॉकेटचं रफिंग, आवाज अगदी छान. माप घेतलं तर तळ एका टोकाला ०.४ मिमी खोल. हेलिक्समुळे (टूलच्या पिळामुळे) कटिंगचं बळ टूलला खाली ओढतं आणि कोलेटमधून टूल हळूहळू सरकत बाहेर आलं होतं. प्लेट भंगारात गेली. नट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेला होता. ईआर३२ च्या नटला १३० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो, आणि तो साध्या पान्याने रोज तेवढाच पडत नाही.

अशा कामाला साइड लॉक. शँकवरच्या (टूलच्या दांड्यावरच्या) सपाट फ्लॅटवर स्क्रू बसतो, त्यामुळे टूल ना फिरत ना खाली येत. यू-ड्रिल (इन्सर्टचं ड्रिल), इन्सर्टचे (बदलता येणाऱ्या पात्यांचे) एन्डमिल, जाड कट यांना यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. तोटाही त्याच स्क्रूमुळे: तो टूलला एका बाजूला ढकलतो, म्हणून रनआउट येतोच. मिलिंग चक याहून घट्ट आणि सरळ पकडतो, पण महाग, शिवाय अंगाने इतका जाड की फिक्स्चरच्या क्लॅम्पला आपटण्याची भीती.

रनआउटचं एवढं काय, असं वाटत असेल तर हे बघा. दोन फ्लूटचा (दातांचा) ४ मिमीचा एन्डमिल, दाताला फीड ०.०२. डायलवर रनआउट वीस मायक्रॉन आणि तो नेमका दातांच्या रेषेत पडला, तर एक दात ०.०४ कापतो आणि दुसरा नुसता फिरतो. टूल मोडलं की आपण शिव्या टूलवाल्याला देतो. १६ च्या टूलला दाताला ०.१ फीड असेल तिथे हेच वीस मायक्रॉन सहज पचतात. म्हणून रफिंगला महाग होल्डर घेणं फुकट, आणि बारीक टूलला स्वस्त कोलेट घेणं त्याहून महाग.

बारीक टूल, रीमर आणि फिनिशिंगसाठी हायड्रॉलिक. ॲलन कीने स्क्रू फिरवला की आतल्या तेलाचा दाब पातळ स्लीव्हला शँकभोवती आवळतो. रनआउट तीन-पाच मायक्रॉन, आणि तेलामुळे थरथर दबते, हे फिनिशवर डोळ्यांना दिसतं. फक्त टूल न घालता स्क्रू आवळू नका, स्लीव्ह कायमची वाकते. श्रिंक फिटही तितकाच अचूक आणि नाकाने बारीक, मोल्डच्या खोल भिंतीजवळ त्याला तोड नाही. पण तापवायचं इंडक्शन मशीन वेगळं घ्यावं लागतं, शँक एच६ (काटेकोर मापाचा) कार्बाइड हवा आणि भाजण्याची भीती आहेच. दिवसाला दोन जॉब बदलणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

लांबीकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. टूल किती वाकणार ते बाहेर आलेल्या लांबीच्या घनावर ठरतं: ६० ऐवजी ७५ मिमी बाहेर काढलं की वाक जवळपास दुप्पट. ‘बीटी४०-ईआर३२-१००’ मधला शेवटचा आकडा होल्डरची लांबी सांगतो. जिथे ७० चालतं तिथे १०० घेऊ नका.

आज पुन्हा दहा नग घ्यायचे झाले तर माझी यादी अशी: ईआर३२ चे पाच, सगळे ७० चे. अडचणीच्या जागेसाठी मिनी नटवाला ईआर१६ एक, १०० चा. साइड लॉक दोन, २० आणि २५ चे. फेसमिलचा आर्बर एक. आणि २० बोअरचा हायड्रॉलिक एक, सोबत ६, ८, १०, १२ च्या स्लीव्ह. यातून पैसे उरले तर ते चांगल्या कोलेटवर आणि टॉर्क पान्यावर घाला. जी२.५ (होल्डरच्या समतोलाचा दर्जा) बॅलन्सिंगसाठी जादा पैसे मागत असतील तर ८००० आरपीएमला सोडून द्या.

पुल स्टडचा (होल्डरच्या मागचा खुंट, ज्याला धरून स्पिंडल होल्डर आत ओढतं) कोन मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ऑर्डर द्या. ४५ आणि ६० अंशांचे दोन्ही बाजारात मिळतात, धागा दोघांचा एम१६, आणि लांबून ओळखू येत नाहीत. चुकीचा बसवला तर स्पिंडलमधली पकड बिघडते आणि टूल नीट ओढलं जात नाही.

आणि हो, खंडेनवमीला पूजा होल्डरचीही होते. तेव्हा कुंकू टेपरवर राहिलेलं नाही ना, ते दुसऱ्या दिवशी टूल लोड करण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून बघा.