फियाट १२४ स्पायडर: आधी पत्रा, मग इंजिन

जुनी १२४ स्पायडर, म्हणजे फियाटची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, बघायला गेलं की विकणारा आधी इंजिन सुरू करून दाखवतो. आवाज असा की माणूस भुलतोच. पण या गाडीचं इंजिन बेताच्या खर्चात उभं राहतं, खिसा रिकामा करतो तो पत्रा. बॉनेट उघडून पुढच्या शॉकअपच्या वरच्या बैठका ठोकून बघा. मग दाराखालचे सिल (उंबऱ्यासारखे पत्र्याचे पट्टे), पायाखालचा पत्रा, डिकीतली स्टेपनीची जागा. बैठकांना आरपार गंज असेल तर सौदा सोडा. वरून रंग कितीही झकास असो.

१९६६ च्या तुरिन प्रदर्शनात ही गाडी आली. बॉडी पिनिनफारिना या इटलीतल्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि इंजिन फेरारीत नाव कमावलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचं: दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), तेही साखळीऐवजी दातेरी रबरी बेल्टवर. त्या काळात हे धाडसच. १४३८ सीसीपासून १६०८, १७५६ करत शेवटी १९९५ सीसी. १९८० पासून कार्बुरेटरऐवजी बॉशचं इंधन इंजेक्शन आलं. शेवटची काही वर्षं पिनिनफारिनाने ती स्वतःच्याच नावाने विकली आणि १९८५ ला उत्पादन थांबलं. बहुतेक गाड्या अमेरिकेत गेल्या.

कॅमशाफ्टचा बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर पहिलं काम तेच, ताण देणाऱ्या बेअरिंगसकट. मोठ्या इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बसवताना ऑइल पंप फिरवणाऱ्या खालच्या शाफ्टची खूणही जुळवा. 'ती काय, पंपाचीच' म्हणून मेकॅनिक सोडून देतात. पण खूण चुकली तर यांत्रिक पेट्रोल पंपाच्या गाडीत त्या शाफ्टवरचा उंचवटा दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडला धडकतो. व्हॉल्व्हची फट जुळवणाऱ्या टॅपेटच्या शिम (चकत्या) मात्र कॅमशाफ्ट न काढता बदलता येतात, ही लाम्प्रेदींची कृपा.

थंड गाडीत दुसरा गिअर करकरला तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी कडी) झिजलेला. गिअरबॉक्समागची रबरी कपलिंग तडकलेली असेल तर क्लच सोडताच धक्का बसतो. हेडलाइट मिणमिणतात कारण सगळा करंट स्विचमधून जातो. रिले (दिव्यांचा करंट स्विचबाहेरून नेणारा छोटा स्विच) टाका, अर्थिंग घासून घ्या.

आमची पसंती बारीक क्रोम बंपरच्या १६०८ ला. १९७५ पासूनचे अमेरिकी बंपर जडशीळ आहेत. रोज चालवायची असेल तर इंजेक्शनवाली २००० बरी. आणि कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर ११८ एनई गाडीचे पार्ट लागतील या आशेवर राहू नका: तिचा सांगाडा १२४ सेदानचा खरा, पण इंजिन निस्सानचं होतं.