गळ्यातला चार्जिंगचा पंखा : पाचोरा-जळगाव अप-डाऊनमधला चार महिन्यांचा अनुभव

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवला. गळ्यात अडकवायचा, दोन्ही बाजूंनी गालावर हवा मारणारा पंखा, ७९९ रुपये. मी पाचोऱ्याहून जळगावला रोज अप-डाऊन करतो, साधारण ४७ किलोमीटर, जनरलचा पास. तेव्हा पंख्याची परीक्षा एसीत बसून घेतलेली नाही, हे आधीच सांगतो.

मार्चभर मी खूश. आवाज कमी, तीन स्पीड, मधल्या स्पीडवर जाऊन-येऊन बॅटरी पुरायची. डब्यातल्या दोघांनी माझं बघून घेतला. (दोघेही आता माझ्याशी जरा कमी बोलतात.)

एप्रिल संपता संपता जळगावचा पारा ४४ वर गेला आणि पंख्याचं खरं रूप दिसलं. संध्याकाळची गाडी भुसावळहूनच भरून येते. आत शिरायचं म्हणजे बॅग छातीशी धरून, मागच्याच्या रेट्याने. दिवसभर तापलेला पत्रा, खिडकीच्या गजाला हात लागला की चटका. शिरसोली, म्हसावदपर्यंत गाडी पळते तोवर निभतं. मग कुठल्याशा एक्सप्रेसला पुढे काढायला आमची गाडी बाजूला घेतात आणि डबा एकदम गप्प होतो. बोलायचंही कुणाला सुचत नाही. समोरच्याच्या निळ्या शर्टावर पाठभर घाम वाळून मिठाची पांढरी रेघ उमटलेली, आणि वीस मिनिटं माझ्या नाकासमोर तेवढंच.

अशात मी पंखा फुल केला. चेहरा कोरडा पडला, डोळे चुरचुरले, ओठ फुटायला आले. शेजारी नगरदेवळ्याचे एक आबा उभे होते. ते म्हणाले, "हाऊ पंखा तुले गरम हवाच देई राहिना, भाऊ!"

बरोबरच होतं. पंखा हवा थंड करत नाही, फक्त फिरवतो. आपली कातडी असते ३५ अंशांच्या आसपास, डब्यातली हवा त्याहून कितीतरी तापलेली. ती अंगावर मारली की थंडावा देणार घामच. पण आपल्याकडची मे महिन्याची हवा इतकी कोरडी की घाम फुटल्याफुटल्या उडतो. पंखा फक्त तोंड भाजतो आणि अंगातलं पाणी लवकर संपवतो.

आबांनी स्वतःचा बागायतदार रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवून मानेवर टाकला होता. दुसऱ्या दिवशी मीही तेच केलं, वर पंखा लावला. फरक विचारू नका. घरचा कूलर जसा ओल्या जाळीतून हवा ओढतो, तेच मानेवर चालू झालं. अडचण एकच, पाण्याची. रुमाल माहेजी यायच्या आत खडखडीत वाळायचा, आणि बाटलीतलं पाणी प्यायचं की मानेवर ओतायचं हा रोजचा हिशेब.

बॅटरीबद्दल. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नये म्हणतात. मी पंखा पॉवर बँकेला जोडून बॅगेत टाकायचो आणि बॅग वरच्या रॅकवर. मे महिन्यात लाल दिवा लुकलुकायचा, चार्जिंग होत नसे. आता फुल स्पीडवर अर्ध्या तासात मान टाकतो. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा 'आपल्या अनुभवाबद्दल खेद आहे' एवढंच उत्तर.

गंमत जूनमध्ये झाली. पहिले दोन पाऊस पडले, पारा ३३-३४ वर आला, हवेत ओल आली. आता रुमाल वाळेचना, कुबट वास मारायला लागला. घाम अंगावर तसाच चिकटून. आणि तोच पंखा चक्क कामाचा वाटायला लागला, कारण हवा आता कातडीपेक्षा गार होती आणि चिकट घाम तीच वाळवत होती.

पाचपैकी अडीच तारे. मार्च आणि जूनला चार दिले असते, मेला शून्य. सध्या पंखा मुलीकडे आहे, लाइट गेली की अभ्यासाला घेते. माझ्या बॅगेत दोन रुमाल आणि दोन लिटरची बाटली. परवा आबा भेटले, म्हणाले पंखा कुठे गेला. मी नुसती मान दाखवली.