बॉल टिकाऊ, हवा मात्र टिकेना

बडोद्याला रावपुऱ्यातल्या एका दुकानातून कॉलेजच्या संघासाठी पाच नंबरचे फुटबॉल घेतले. शिलाई पक्की, पण ब्लॅडर, म्हणजे आतला हवेचा फुगा, कच्चा. संध्याकाळी भरलेली हवा सकाळी निम्मी. नियमाप्रमाणे दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर हवा, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आमच्या पोरांचा पाय मऊ बॉलवर बसलेला. सेमीफायनलला टणक बॉल आला आणि प्रत्येक क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल, सगळ्यांच्या डोक्यावरून पार. करंडक तिथेच गेला.

सगळं खापर बॉलवर नको. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, लंगडायला लागला तेव्हा बाकावर त्याच्या जागेचं कोणीच नव्हतं. शिवाय नवरात्रात रात्रभर गरबा, पहाटे सराव! बडोद्यात कोणाला सांगणार?

शेठ बोलायला गोड, बॉल बदलून देताना बहिरे. दोन तारे. घेतलेच तर दाब मोजायचा गेज सोबत घ्या.